व्यवस्थापन सल्लागाराचे करिअर आणि बिझनेस स्कूलची निवड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी समाजातील बहुतेक घरांत मुलांच्या भवितव्याविषयी फारसा खल होत नसे. शिक्षण झाले की वडिलांच्या पेढीवर वा दुकानाच्या गादीवर बसावयाचे आणि अभ्यासात विशेष गती असेल तर सी.ए., वकील किंवा डॉक्टर व्हावयाचे, एवढेच मार्ग परिचयाचे होते. आज त्याच घरांतील मुले-मुली ‘मॅनेजमेंट कन्सल्टंट’ होण्याची इच्छा बोलून दाखवितात. पालकांना हा शब्द नवा असतो, त्यासाठी लागणारे शिक्षण महाग असते आणि निर्णयाला मुदत थोडी असते. प्रवेशाचे पत्र हाती आल्यावर पहिला हप्ता भरण्यास फार तर काही आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत घरातील बचत, प्रसंगी राहते घर किंवा दुकानाची जागा पणाला लावावयाची की नाही, हे ठरवावे लागते. म्हणून या निवडीची चर्चा पत्र येण्यापूर्वीच, शांतपणे आणि आकडे मांडून होणे अगत्याचे आहे.

प्रथम हा व्यवसाय काय आहे ते पाहिले पाहिजे. एखाद्या कारखान्याचा नफा घटला, बँकेला नव्या राज्यात शाखा काढावयाच्या आहेत, दोन कंपन्या एकत्र यावयाच्या आहेत किंवा एखाद्या शासनाला आरोग्यसेवेची घडी नव्याने बसवावयाची आहे, अशा प्रसंगी बाहेरच्या तटस्थ व्यक्तींकडून अभ्यास करून घेतला जातो. काही आठवडे वा महिने ही मंडळी त्या ठिकाणी राहून माहिती गोळा करतात, कारणे शोधतात आणि उपाय सुचवितात. या कामाची मोबदल्यासह सुरुवात अमेरिकेत झाली. आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाची पेढी १८८६ ची. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकविणारे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली पेढी काढली. ब्रूस हेंडरसन यांनी १९६३ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा पाया घातला आणि तेथूनच बाहेर पडून बिल बेन यांनी १९७३ मध्ये ‘बेन अँड कंपनी’ सुरू केली. आजही विद्यार्थ्यांच्या तोंडी प्रथम येतात ती हीच तीन नावे. त्यांच्याबरोबर मोठ्या लेखापरीक्षण समूहांचे सल्लागार विभाग आणि अनेक लहान, विशेष विषयांतील पेढ्याही आहेत.

या व्यवसायाचे आणि बिझनेस स्कूलचे नाते इतके घट्ट का, यालाही इतिहास आहे. प्रारंभी सल्लागार म्हणून केस पिकलेले, कारखान्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेले अधिकारी घेतले जात. मॅकिन्झी यांच्या पेढीत १९३३ मध्ये आलेले मार्व्हिन बोवर यांनी कायदा आणि व्यवस्थापन या दोन्ही विषयांच्या पदव्या हार्वर्डमधून घेतल्या होत्या. वकील जसा अशिलाचे हित सर्वप्रथम पाहतो तसेच सल्लागारानेही पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९५० च्या दशकात या पेढीने अनुभवी अधिकाऱ्यांऐवजी नुकतीच एम.बी.ए. झालेली तरुण मुले घेण्यास आरंभ केला. अनुभवापेक्षा विचार करण्याची शिस्त अधिक मोलाची, ही त्यामागील भूमिका होती. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. तेव्हापासून ठराविक विद्यालयांच्या आवारात जाऊन मुलाखती घेणे ही या पेढ्यांची रीत झाली. विद्यालयाची निवड करताना हे वास्तव ध्यानात ठेवले पाहिजे. कन्सल्टिंग करू इच्छिणाऱ्यास विद्यालय हे ज्ञानाचे ठिकाण तर आहेच, परंतु कोणत्या दारातून कोणत्या पेढीत प्रवेश मिळतो, हेही तेथेच ठरते.

भारतात ही दारे कशी उघडली, त्यात समाजाला अभिमान वाटावा असा एक भाग आहे. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्याची आणि डिसेंबरमध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., स्थापन झाली. अहमदाबादच्या संस्थेमागे डॉ. विक्रम साराभाई आणि शेठ कस्तुरभाई लालभाई ही अहमदाबादच्या जैन घराण्यांतील दोन माणसे उभी होती. एक शास्त्रज्ञ आणि एक गिरणीमालक. परंतु वंशपरंपरेने आलेल्या व्यापाराला शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाची जोड हवी, याविषयी दोघांचे एकमत होते. अहमदाबादने हार्वर्डचे सहकार्य घेतले आणि प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवर वर्गात चर्चा करण्याची तेथील पद्धत स्वीकारली. कोलकात्याने अमेरिकेतीलच एम.आय.टी.चे सहकार्य घेतले. तेथे गणित व संख्याशास्त्रावर भर राहिला. बेंगळुरूची संस्था १९७३ मध्ये निघाली. जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. त्याही आधीची, १९४९ ची. दिल्ली विद्यापीठाची एफ.एम.एस. १९५४ ची आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये, म्हणजे आय.एस.बी.मध्ये, २००१ पासून एका वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नागपूरला २०१५ मध्ये आय.आय.एम. आली आणि मुंबईची ‘नीटी’ २०२३ मध्ये आय.आय.एम. मुंबई झाली. आय.आय.एम. पूर्वी पदविका देत असत. २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे ‘पदविका की पदवी’ हा जुना प्रश्न त्यांच्याबाबतीत आता उरलेला नाही.

आता निवडीकडे वळावयाचे. विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घ्यावे. सांगलीत हळदीची अडत असलेल्या घरातील मुलगी. अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत तिने तीन वर्षे काम केले आहे. तिच्या हाती तीन पत्रे आली आहेत: पहिले एका जुन्या आय.आय.एम.चे, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, दुसरे आय.एस.बी.चे, एका वर्षासाठी. तिसरे अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाचे, पुन्हा दोन वर्षांसाठी. आजोबा म्हणतात, “नातीचे नाव होणार असेल तर मार्केट यार्डातील जागा तारण ठेवू.” वडिलांना परदेशाची ओढ आहे. आईचा प्रश्न असा की, शिक्षण झाल्यावर नोकरी नेमकी कोणती मिळणार आणि ती नाही मिळाली तर काय? तिघांत सर्वांत नेमका प्रश्न आईचा आहे, आणि निवडीचा विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे.

नोकरी कशी मिळते, हे समजल्यावाचून विद्यालयांची तुलना होऊच शकत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मधल्या सुटीत दोन-अडीच महिन्यांची उमेदवारी असते. तिला समर इंटर्नशिप म्हणतात. त्या काळात काम पसंत पडले तर पेढी शिक्षण संपण्यापूर्वीच नोकरीचे पत्र देते. मौज अशी की, या उमेदवारीसाठीच्या मुलाखती आय.आय.एम.मध्ये प्रवेशानंतर अवघ्या काही महिन्यांत होतात. अमेरिकेतही पहिल्या शरद ऋतूतच त्यांची धावपळ सुरू होते. म्हणजे वर्गात काय शिकले, यावर ही पहिली निवड फारशी अवलंबून नसते. दहावी-बारावीचे व पदवीचे गुण, आधीच्या नोकरीत केलेले काम, खेळ, वक्तृत्व, समाजकार्य यांवरूनच मुलाखतीला बोलावयाचे की नाही, हे ठरते. भारतातील संस्थांत जुन्या परीक्षांच्या गुणांना अधिक वजन असते, हे अनेकांना तेथे गेल्यावर कळते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात अशी उमेदवारी बहुधा नसते. तेथे थेट अंतिम मुलाखत. एक वर्ष वाचते हे खरे, पण ज्याची पूर्वतयारी पक्की आहे आणि ज्याला आपण काय करणार हे ठाऊक आहे, त्यालाच हा जवळचा रस्ता मानवतो.

मुलाखतीत एक ‘केस’ दिली जाते. तिचे स्वरूप व्यापारी घरातील मुलांना मुळीच परके नाही. समजा असे विचारले: एका सराफी पेढीची वर्षाची विक्री रुपयांत तेवढीच आहे, तरी नफा घटला, कारण शोधा. घाईने उत्तर देणारा म्हणेल, नोकरांचे पगार वाढले असतील. चांगला उमेदवार आधी विक्रीचे भाग पाडील: वजन किती आणि भाव किती. सोन्याचा भाव चढला असेल तर तेवढ्याच रुपयांत कमी वजन विकले गेले. घडणावळ ग्रॅमवर आकारली जात असेल तर घडणावळीचे उत्पन्न घटले. शिवाय तेवढ्याच वजनाचा माल दुकानात ठेवण्यास अधिक भांडवल गुंतले आणि त्यावरील व्याज वाढले. मग तो भाड्याचा, पगाराचा, जुने सोने बदलून देताना येणाऱ्या घटीचा हिशेब विचारील आणि शेवटी घडणावळ टक्केवारीने लावावी काय, याचा साधक-बाधक विचार मांडील. ही विचारपद्धती दुकानात बसून हिशेब पाहणाऱ्या मुलामुलींच्या अंगात पुष्कळदा असते. तिला शिस्तीची व स्पष्ट इंग्रजी बोलण्याची जोड द्यावी लागते. असा सराव करून घेणारे वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी ज्या विद्यालयात मुबलक आहेत, ते विद्यालय या करिअरसाठी अधिक उपयोगी.

दुसरा विचार वयाचा आणि अनुभवाचा. ‘कॅट’ परीक्षेतून आय.आय.एम.ला जाणाऱ्यांत नुकतेच पदवीधर झालेले वा दोन-तीन वर्षे नोकरी केलेले विद्यार्थी अधिक असतात. या परीक्षेला दरवर्षी सुमारे तीन लाख विद्यार्थी नोंदणी करतात, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. पहिल्या फळीतील संस्थेत प्रवेश न मिळणे हे अपयश मानण्याचे कारण नाही. आय.एस.बी.त बहुतेकांना तीन ते सहा वर्षांचा अनुभव असतो. प्रवेश जीमॅट किंवा जी.आर.ई. या परीक्षांच्या गुणांवर व मुलाखतीवर होतो. अमेरिकेतील मोठ्या विद्यालयांत सरासरी पाच वर्षांच्या आसपास अनुभव असलेले विद्यार्थी दिसतात. फ्रान्समध्ये १९५७ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००० पासून सिंगापुरातही शाखा असलेल्या इन्सियाडचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. तेथून कन्सल्टिंगकडे जाणाऱ्यांचे प्रमाण पूर्वापार मोठे आहे. परंतु त्यांतील काही जण पेढीनेच शिकण्यास पाठविलेले असतात व पुन्हा तेथेच परततात. त्यांना वगळून आकडा पाहिला पाहिजे.

तिसरा विचार खर्चाचा. जुन्या आय.आय.एम.चे दोन वर्षांचे शुल्क आज पंचवीस लाखांच्या आसपास जाते. आय.एस.बी.चा एका वर्षाचा खर्च राहण्यासह चाळीस लाखांच्या घरात धरावा. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात शुल्क व राहणे मिळून दोन वर्षांना दोन लाख डॉलरहून अधिक लागतात, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. हे सर्व कर्जाने उभारले आणि दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर पंचवीस लाखांचा मासिक हप्ता सुमारे ३३ हजार, चाळीस लाखांचा ५३ हजार आणि दीड कोटीचा १ लाख ९८ हजार रुपये होतो. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असते, ते यात धरलेले नाही. दोन वर्षांचा पगार बुडतो, तोही खर्चच. नामांकित भारतीय संस्थांसाठी काही बँका तारणाशिवाय कर्ज देतात. परदेशासाठी मोठ्या रकमेस बहुधा तारण मागतात. मार्केट यार्डातील जागेचा प्रश्न उद्भवतो तो तिसऱ्या पत्रापाशीच.

डॉलरमध्ये मिळकत झाली तर दीड कोटीचे कर्ज फिटते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती मिळकत तेथे राहता येण्यावर अवलंबून आहे. शिक्षणानंतर अमेरिकेत एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात नोंदलेला असल्यास आणखी दोन वर्षे. पुढे एच-वन-बी परवाना लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ८५ हजारांची असून अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात, म्हणून गुणवान उमेदवारही वगळला जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तेथील नियम कधी बदलतील, हे सांगलीत बसून कोणी सांगू शकत नाही. मिळकत रुपयांत आणि कर्ज डॉलरच्या हिशेबाचे, अशी वेळ आली तर घराचे संपूर्ण गणित विस्कटते. म्हणून परदेशी विद्यालय निवडावयाचे तर दोन गोष्टी पाहाव्यात: भरीव शिष्यवृत्ती मिळते काय, आणि भारतात परत येऊन तेच काम करावे लागले तरी कर्ज झेपेल काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर अवश्य जावे.

जैन समाजास केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला, हे सर्वांना माहीत आहे. परंतु परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबून हिशेब करू नये. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त निगमाची शैक्षणिक कर्जे उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. हेही आपल्या सी.ए.ना आधी विचारून घ्यावे.

चौथा विचार जाहिरातीतील आकड्यांचा. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वीस लाख आणि एकाला एक कोटी वीस लाख पगार मिळाला, तर सरासरी तीस लाख निघते. पण तीस लाख कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून सरासरी न पाहता मध्यला पाहावा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. घोषित पगारात एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही मिळविलेली असते. जागतिक क्रमवारीचेही तसेच आहे. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत माजी विद्यार्थ्यांचे पगार क्रयशक्तीच्या हिशेबाने डॉलरमध्ये दाखविले जातात; त्यामुळे भारतीय पगार प्रत्यक्ष विनिमय दरापेक्षा बरेच मोठे दिसतात. केंद्र शासनाच्या एन.आय.आर.एफ. क्रमवारीत संशोधनालाही गुण असतात. या याद्या निरुपयोगी नाहीत, पण अमुक विद्यालयातून किती जण सल्लागार पेढीत गेले, हा प्रश्न त्या सोडवीत नाहीत. त्यासाठी विद्यालयाचा नोकऱ्यांविषयीचा सविस्तर अहवाल मागावा. अहमदाबादसह काही संस्था तो ठराविक नमुन्यात, लेखापरीक्षण करवून प्रसिद्ध करतात. जी संस्था केवळ सर्वोच्च पगाराचा आकडा फलकावर लावते आणि बाकीचे सांगत नाही, तिच्यापासून जपून राहावे.

या सर्व कसोट्या लावल्या तर सांगलीच्या त्या मुलीने काय करावे? तिला भारतात काम करावयाचे असेल, तर तिसऱ्या पत्रासाठी यार्डातील जागा तारण ठेवण्याचे कारण दिसत नाही. उरलेल्या दोहोंत, तिने आजवर केवळ संगणकाचे काम केलेले असल्याने उमेदवारीचे दोन महिने तिला मोलाचे ठरतील. काम आवडते की नाही, हेही तेथेच कळेल. हप्ताही कमी आहे. म्हणून पहिले पत्र तिला अधिक लाभदायक. हीच मुलगी सहा वर्षांच्या अनुभवाची असती आणि एखाद्या उद्योगाची आतून माहिती घेऊन आली असती, तर एक वर्षाचा अभ्यासक्रम योग्य ठरला असता. निर्णय मुलीचा आहे म्हणून कर्जाला हात आखडता घ्यावा आणि मुलाचा असता तर सढळ सोडावा, असा भेद मात्र कोणत्याही घराने करू नये. हप्ता फेडण्याची ताकद पगारात असते आणि पगार मुलगा-मुलगी पाहून ठरत नाही.

आईच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहतो: नाही मिळाली तर? उत्तम विद्यालयातही कन्सल्टिंगची इच्छा धरणाऱ्या सर्वांना ते मिळत नाही. २०२३ मध्ये तर काही मोठ्या पेढ्यांनी निवडलेल्या उमेदवारांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या. माहिती गोळा करणे, तक्ते मांडणे, सादरीकरण तयार करणे ही नव्या सल्लागाराची प्राथमिक कामे आता यंत्रबुद्धीच्या साधनांनी बरीच झटपट होऊ लागली आहेत. तेव्हा भरतीचे प्रमाण कायम तेच राहील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून विद्यालय असे असावे की, तेथून बँक, उत्पादन, विक्री, वित्त या क्षेत्रांचीही दारे खुली राहतील. एफ.एम.एस.चे शुल्क दोन-अडीच लाखांच्या घरात आहे आणि तेथे सल्लागार पेढ्याही येतात. जमनालाल बजाजचे शुल्कही आय.आय.एम.च्या मानाने बरेच कमी आहे. कमी खर्चात मोठे दार उघडणाऱ्या अशा संस्थांचा विचार नावाच्या मोहाने डावलू नये. शिवाय एम.बी.ए. हाच एक मार्ग नाही. सी.ए. झालेल्यांना लेखापरीक्षण समूहांच्या सल्लागार विभागांत स्थान मिळते आणि अभियांत्रिकीच्या निवडक महाविद्यालयांतून या पेढ्या थेट विश्लेषकही घेतात. ज्या समाजात सी.ए.ची परंपरा इतकी सशक्त आहे, तेथे ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी.

या कामाचे जीवनमान कसे असते, हेही मुलांनी आधी जाणून घ्यावे. आठवड्यातील तीन-चार दिवस परगावी, रात्री उशिरापर्यंत काम, आणि ठराविक काळात बढती मिळाली नाही तर पेढी सोडावी लागते, असा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यास येथे मोठी कसरत करावी लागते. अशक्य नाही, परंतु पहिल्या दिवसापासून सहकाऱ्यांना स्पष्ट सांगण्याचे धैर्य लागते.

धैर्याची गरज केवळ भोजनापुरती नाही. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधाची विक्री वाढविण्याचा सल्ला पर्ड्यू फार्मा या कंपनीस दिल्याच्या प्रकरणी मॅकिन्झीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ४७ राज्यांशी व इतर प्रदेशांशी सुमारे ५७ कोटी डॉलरची तडजोड केली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील केंद्र शासनाची चौकशी मिटविण्यासाठी तिने आणखी ६५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. अशिलाचे हित प्रथम पाहावे, असे बोवर यांनी शिकविलेल्या पेढीचा हा प्रसंग आहे. न पटणाऱ्या गोष्टीविरुद्ध मत मांडणे हे कर्तव्य होय, असे त्याच पेढीच्या तत्त्वांत नमूद आहे. पण हे कर्तव्य पार पाडणे कोणाला शक्य होते? ज्याला ‘हे काम माझ्याकडून होणार नाही’ असे म्हणून वेळप्रसंगी नोकरी सोडता येते, त्यालाच. दरमहा दोन लाखांचा हप्ता आणि आजोबांची जागा बँकेकडे, अशा स्थितीतील तरुणाची जीभ अडखळते. त्यात त्याचा दोष थोडा आणि त्याच्यावर लादलेल्या कर्जाचा अधिक असतो. सल्लागाराचे सारे मोल त्याच्या निःस्पृहतेत आहे. ती टिकेल एवढेच कर्ज घेणे, ही विद्यालय निवडण्याची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी होय.

पालकांनी पत्र येण्यापूर्वी पाच प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. कोणत्या देशात काम करावयाचे आहे? मुलाचे वा मुलीचे वय व अनुभव कोणत्या अभ्यासक्रमास साजेसा आहे? गेल्या तीन वर्षांत त्या विद्यालयातून किती जण प्रत्यक्ष सल्लागार पेढ्यांत गेले व पगाराचा मध्य किती? कन्सल्टिंग मिळाले नाही तर दुसरी कोणती दारे खुली आहेत? आणि निम्म्या पगाराची, पण मनाजोगी नोकरी पत्करली तरी हप्ता भरता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे त्याच विद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. जाहिरातीतून घेऊ नयेत. समाजातील असे माजी विद्यार्थी आज पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे पुष्कळ आहेत. त्यांची यादी संस्थेच्या कार्यालयात तयार झाली आणि दरवर्षी प्रवेशाच्या हंगामापूर्वी एक दिवस त्यांनी मुलांच्या मुलाखतींचा सराव घेतला, तर शिष्यवृत्तीच्या रकमेइतकाच तो आधार ठरेल. पन्नास वर्षे विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढील वर्षांसाठी हे काम अंगावर घ्यावे, अशी विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.

जय जिनेंद्र.